आधी तोल, मग कसरत

पेढीवरचा एक जुना दंडक सर्वांच्या परिचयाचा आहे. दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर फरकाची रक्कम खिशातून घालून वही मिटवीत नाहीत. ज्या नोंदीत चूक झाली त्या नोंदीपर्यंत मागे जातात. फरक दहा रुपयांचा असला तरी रीत बदलत नाही, कारण आज दडवलेले दहा रुपये उद्या कोणत्या रूपाने वर येतील हे सांगता येत नाही. विजेवर चालणाऱ्या आणि रेडिओ लहरींनी नियंत्रित होणाऱ्या कसरती विमानांच्या छंदातही हाच दंडक पाळावा लागतो. तो न पाळल्याची किंमत तेथे काही सेकंदांत वसूल होते.

असे विमान आज अर्धेअधिक जुळलेल्या स्थितीत खोक्यातून घरी येते. महाविद्यालयात शिकणारा मुलगा उत्साहाने दोन-तीन तासांत उरलेली जोडणी करतो, सोबतच्या पुस्तिकेवर ओझरती नजर फिरवतो आणि रविवारी सकाळी मोकळ्या माळावर जातो. विमान उडते, पण सरळ जात नाही. ते गिरकी घेताना नाक टाकते आणि उलटे झाले की जमिनीकडे झेपावते. दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणात ते आपटते. घरातील वडीलधारे म्हणतात, हात बसलेला नाही, पैसे वाया गेले. मुलगाही तसेच मानू लागतो आणि विमान माळ्यावर जाते.

पुष्कळदा मुलाचा हात निर्दोष असतो, निदान तितका सदोष नसतो. तंबोरा जुळवल्यावाचून गवई षड्ज लावीत नाही. लावला तर बेसूरपण गळ्याचे की तारेचे हे श्रोत्यांना कळत नाही आणि त्यालाही कळत नाही. कसरती विमानाचे तसेच आहे. ते जुळवलेले नसेल तर चूक यंत्राची की हाताची याचा निवाडा करता येत नाही, आणि निवाडा झाल्याशिवाय शिक्षण पुढे सरकत नाही. म्हणून या छंदातील जाणते लोक नव्या विमानाची पहिली कित्येक उड्डाणे कसरतीसाठी न वापरता केवळ त्याचा स्वभाव जाणून घेण्यासाठी खर्च करतात.

थोडा पूर्वेतिहास

विजेच्या मोटारीवर रेडिओनियंत्रित विमान उडवल्याची पहिली अधिकृत नोंद ३० जून १९५७ ची मानली जाते. इंग्लंडमधील कर्नल एच. जे. टॅप्लिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ नावाचे विमान रुपे-जस्ताच्या बॅटरीवर उडवले होते. तीनच वर्षांनी, १९६० मध्ये, स्वित्झर्लंडमधील ड्युबेनडॉर्फ येथे रेडिओनियंत्रित कसरती विमानांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेचे एड काझमिर्स्की तिचे विजेते ठरले. त्या काळात व त्यानंतर कित्येक दशके स्पर्धेत तेलावर चालणाऱ्या लहान इंजिनांचेच राज्य होते, कारण तत्कालीन बॅटऱ्या वजनाच्या मानाने फारच दुबळ्या होत्या. लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ब्रश नसलेली मोटार या दोन गोष्टी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती आल्या, आणि चित्र पालटले.

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या नियमांत या प्रकाराला ‘एफ-थ्री-ए’ म्हणतात. पंखांचा विस्तार २ मीटरपेक्षा अधिक नसावा, लांबीही २ मीटरपेक्षा अधिक नसावी, अशी बंधने त्यात आहेत. वैमानिकाच्या समोर डावीकडे ६० अंश व उजवीकडे ६० अंश एवढ्या अदृश्य चौकटीत, साधारण दीडशे मीटर अंतरावर, ठरलेल्या आकृत्या काढायच्या आणि परीक्षकांनी प्रत्येक आकृतीला दहापैकी गुण द्यायचे, अशी ही परीक्षा असते. रेषा सरळ आहे का, वर्तुळ गोल आहे का, गिरकी आपल्या अक्षावरच फिरते आहे का, एवढेच तेथे पाहतात. नवशिक्याला या स्पर्धेत उतरायचे नसले तरी तिच्यासाठी विकसित झालेली जुळवणीची पद्धत त्याच्या सव्वा किलोच्या फोमच्या विमानालाही जशीच्या तशी लागू पडते.

मेजावरची जुळवणी

सरावाचे विमान आणि कसरती विमान यांत स्वभावाचा भेद आहे. सरावाचे विमान कांडी सोडली की आपोआप सरळ होते. शिकणाऱ्याची चूक ते पोटात घालते. कसरती विमानाला वर-खाली असा पक्षपात नसतो. सुलटे असो वा उलटे, ते सांगितले तेच करते आणि सांगितले तेवढेच करते. म्हणून जुळवणीतील एक मिलिमीटरचा फरकही ते इमानाने हवेत दाखवते.

आरंभ सांगाड्यापासून करावा. दोन्ही पंखांच्या टोकांपासून शेपटीच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर न ताणणाऱ्या दोऱ्याने मोजावे. ते सारखे भरले पाहिजे. शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखाशी समांतर आहे ना, हे दूर उभे राहून मागून पाहावे. हलणाऱ्या पट्ट्या आणि स्थिर पंख यांमधील फट पातळ पारदर्शक टेपने बंद केल्यास नियंत्रण नेमके होते आणि वेगात पट्टी फडफडण्याचा धोका घटतो.

त्यानंतर गुरुत्वमध्य. विमान ज्या बिंदूवर आडवे तोलून राहते तो हा बिंदू, आणि साऱ्या जुळवणीचा पाया तोच. निर्मात्याने पुस्तिकेत पंखाच्या पुढल्या कडेपासून किती मिलिमीटरवर तो असावा याची मर्यादा दिलेली असते. पहिल्या उड्डाणासाठी त्या मर्यादेतील पुढचा बिंदू निवडावा. नाक जड असलेले विमान आळशी असते, पण हाताळता येते. शेपूट जड असलेले विमान बिथरते आणि बहुधा पहिल्याच मिनिटाला संपते. तोल पाहताना बॅटरीसह सर्व काही जागच्या जागी असावे. विजेच्या विमानाचा येथे एक मोठा लाभ आहे. तेलाच्या विमानात टाकी रिकामी होत जाते तसा तोल सरकतो. बॅटरीचे वजन मात्र भरलेली असो वा रिती, सारखेच राहते. म्हणून बॅटरीची जागा एकदा निश्चित झाली की तळावर पेनाने रेघ ओढून ठेवावी. पुढल्या वेळी बॅटरी अंदाजाने सरकवली तर आधीच्या सर्व कष्टांवर पाणी पडते.

आडवा तोलही विसरू नये. विमान नाकाशी आणि शेपटीशी दोन बोटांवर धरले असता एक पंख सतत खाली जात असेल, तर हलक्या पंखाच्या टोकाला काही ग्रॅम वजन लावावे. हा दोष सरळ उड्डाणात ट्रिमने झाकला जातो आणि लूप घेताना मात्र दर वेळी निरनिराळ्या प्रमाणात उघडा पडतो.

आता नियंत्रणे. पंखांच्या मागच्या कडेचे एलेरॉन विमानाला कुशीवर फिरवतात, शेपटीच्या आडव्या पंखावरील एलेव्हेटर नाक वर-खाली करतो आणि उभ्या पंखावरील रडर नाक डावी-उजवीकडे वळवतो. या पट्ट्यांना सर्व्हो नावाच्या चिमुकल्या मोटारी काड्यांच्या साहाय्याने हलवतात. कांडी मध्यावर असताना सर्व्होचा दांडा काडीशी काटकोनात असला पाहिजे, अन्यथा पट्टी एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी हलते. हा काटकोन आधी दांडा काढून, एक दाता पुढे-मागे करून साधावा. उरलेला बारीक फरक ट्रान्समीटरमधील सब-ट्रिमने भरावा. उलट क्रम धरू नये. सांध्यांमध्ये कारागीर ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो ढिलेपणा जराही नसावा. एलेव्हेटरचे दोन भाग असतील तर दोन्ही सारखेच हलतात का, हे मध्यावर, अर्ध्यावर आणि टोकावर मोजून पाहावे.

पट्ट्या किती हलाव्यात? अचूक रेषांच्या कसरतीसाठी एलेरॉन व एलेव्हेटर १० ते १५ अंश आणि रडर २५ ते ३५ अंश एवढे बहुधा पुरते. विमान प्रॉपेलरवर टांगून ठेवण्यासारख्या करामतींना ४०-४५ अंशांची गरज पडते, आणि त्या पुढच्या इयत्तेच्या गोष्टी आहेत. ट्रान्समीटरमधील ‘एक्स्पो’ ही सोय कांडीच्या मध्याजवळची हालचाल मृदू करते. यात एक खाच आहे. काही कंपन्यांच्या संचात अधिक चिन्ह मृदुता आणते, तर काहींत उणे चिन्ह. चिन्ह उलटे पडले तर विमान मध्याजवळ विलक्षण तिखट होते. म्हणून आकडा भरल्यावर कांडी हळूहळू हलवून पट्टीकडे जमिनीवरच पाहून घ्यावे. ही सर्व कामे प्रॉपेलर काढून ठेवूनच करायची असतात.

शक्तीचा जमाखर्च

मोटार, वेगनियंत्रक, प्रॉपेलर आणि बॅटरी या चौघांचे भागीदारीचे नाते आहे. एकाने अधिक मागितले की दुसऱ्यावर ताण येतो. त्याचा हिशेब वॅटमीटर नावाच्या लहानशा उपकरणाने होतो. एक उदाहरण घ्यावे. विमान १.२ किलोचे आहे, बॅटरी तीन कोशांची, ११.१ व्होल्ट व २२०० मिलिअँपिअर-तासांची आहे. विमान घट्ट बांधून काही सेकंद पूर्ण शक्ती दिली असता मीटरवर ४० अँपिअर आणि १०.८ व्होल्ट दिसले. गुणाकार ४३२ वॅट, म्हणजे प्रत्येक किलोमागे ३६० वॅट. कसरतीसाठी हे प्रमाण उत्तम आहे. उभ्या रेषेत वर जाताना विमान मध्येच दमणार नाही.

वेगनियंत्रक ५० अँपिअरचा असेल तर ४० वर पुरेशी राखीव आहे. मीटरवर ५५ दिसले असते, तर मोटार जळण्याची किंवा नियंत्रक हवेत बंद पडण्याची ती पूर्वसूचना ठरली असती. अशा वेळी प्रॉपेलरचा व्यास एक इंचाने कमी केला तरी प्रवाह लक्षणीय उतरतो. अधिक मोठा प्रॉपेलर म्हणजे अधिक जोर, हा समज पुष्कळांची मोटार घालवतो.

आता वेळेचा हिशेब. बॅटरी तळापर्यंत कधी उपसू नये. ८० टक्के वापरून थांबावे, हा सर्वमान्य संकेत आहे. २२०० चे ८० टक्के १७६०. उड्डाणातील सरासरी प्रवाह १८ अँपिअर धरला तर ही शक्ती पावणेसहा मिनिटांपेक्षा किंचित अधिक पुरेल. उतरताना एखादी फेरी चुकली तर हाती काही शिल्लक हवी. म्हणून ट्रान्समीटरचा गजर पाच मिनिटांवर लावावा. घरी आल्यावर चार्जरने प्रत्यक्ष किती परत भरले ते पाहावे. १५०० च्या आसपास आकडा आला तर अंदाज खरा होता. १९०० आला तर गजर अर्ध्या-पाऊण मिनिटाने अलीकडे आणावा. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ घालण्याची ही सवय तीन-चार उड्डाणांत अंगवळणी पडते.

आकाशातील परीक्षा

हवा स्तब्ध असते अशी पहाटेनंतरची वेळ या कामासाठी निवडावी. परीक्षांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पुढची परीक्षा मागचीवर उभी असते.

पहिली परीक्षा सरळ उड्डाणाची. साधारण अर्ध्या ते दोन-तृतीयांश शक्तीवर विमान सरळ न्यावे, कांडी सोडावी आणि ते कोठे झुकते ते पाहून ट्रिम द्यावी. वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध, दोन्ही वेळा पाहावे. उतरल्यावर काड्यांची लांबी बदलून ट्रिमची बटणे पुन्हा शून्यावर आणावीत.

दुसरी परीक्षा गुरुत्वमध्याची. विमान ४५ अंशांच्या चढत्या रेषेवर न्यावे, अर्धी गिरकी देऊन उलटे करावे आणि एलेव्हेटरची कांडी सोडावी. ते त्याच रेषेवर बराच काळ जाऊन हळूहळू नाक खाली आणू लागले तर तोल योग्य आहे. नाक झटकन जमिनीकडे वळले तर नाक जड आहे, बॅटरी थोडी मागे घ्यावी. उलट नाक आणखी वर जाऊ लागले तर शेपूट जड आहे, बॅटरी पुढे घ्यावी. एका वेळी पाच मिलिमीटरहून अधिक सरकवू नये. बॅटरी सरकली की पहिली परीक्षा पुन्हा द्यावी लागते. ज्यांना हे पुनःपुन्हा मागे जाणे कंटाळवाणे वाटते त्यांची विमाने पुढे कधीच नीट उडत नाहीत.

तिसरी परीक्षा मोटारीच्या रोखाची. विमान स्वतःपासून दूर नेत पूर्ण शक्तीने उभ्या रेषेत वर चढवावे. फिरणाऱ्या प्रॉपेलरचा हवेचा पिळा शेपटीवर आदळून नाक बहुधा डावीकडे ढकलतो. म्हणून मोटार मुळातच एक-दोन अंश उजवीकडे रोखलेली असते. उभ्या चढाईत विमान डावीकडे कलत राहिले तर मोटारीच्या बैठकीत पातळ वॉशर घालून रोख आणखी उजवीकडे न्यावा, उजवीकडे कलले तर कमी करावा. चढताना ते छताकडे, म्हणजे वैमानिकाच्या कोठडीच्या बाजूला झुकले तर रोख थोडा खाली करावा. पोटाकडे झुकले तर वर. दोष एकाच चढाईत दिसला म्हणून हात घालू नये. चार चढायांत चारही वेळा दिसला तरच तो दोष, एरवी तो वारा.

चौथी परीक्षा उभ्या उताराची. शक्ती शून्य करून विमान सरळ खाली सोडावे आणि पुरेशी उंची राखून बाहेर काढावे. उतरताना ते बहुधा थोडे छताकडे ओढ घेते. ही ओढ थोडीच असेल तर शक्ती कमी होताच एलेव्हेटरला केसभर खाली नेणारे मिश्रण ट्रान्समीटरमध्ये भरता येते. ओढ फार असेल तर गुरुत्वमध्य किंवा पंखाचा कोन यांकडे परत जाणे हाच मार्ग.

पाचवी परीक्षा कुशीवरच्या उड्डाणाची. विमान ९० अंशांत आडवे करून केवळ रडरच्या बळावर उंची धरायची. आदर्श विमान अशा स्थितीत सरळ जाते. प्रत्यक्षातील विमान पोटाकडे किंवा छताकडे वळते, आणि त्याच वेळी गिरकीही घेऊ पाहते. रडरसोबत थोडा एलेव्हेटर आणि थोडे एलेरॉन आपोआप मिसळण्याची सोय याकरिता असते. डाव्या आणि उजव्या रडरला लागणारे प्रमाण वेगळे असू शकते, म्हणून दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि दोन-तीन टक्क्यांच्या पायरीने पुढे जावे.

शेवटी दूर जाणारे घट्ट लूप आणि चढत्या रेषेवरील सलग तीन गिरक्या पाहाव्यात. लूपमध्ये दर वेळी एकच पंख पडत असेल तर आडवा तोल किंवा एलेव्हेटरच्या दोन भागांची असमानता शोधावी. गिरकी अक्षावर न राहता बुचाच्या फिरकीसारखी मोठ्या घेराने होत असेल तर एलेरॉनच्या वर जाण्याचे आणि खाली जाण्याचे प्रमाण किंचित वेगळे करावे.

मिश्रणाचा मोह

आजच्या ट्रान्समीटरमध्ये संगणक आहे, आणि त्याच्या मिश्रणांनी जवळजवळ कोणताही दोष झाकता येतो. मोह येथेच पडतो. शेपूट जड आहे, पण बॅटरी सरकवण्याऐवजी एलेव्हेटरला मिश्रण दिले. मोटारीचा रोख चुकला आहे, पण वॉशर घालण्याऐवजी शक्तीसोबत रडर जोडला. त्या दिवशी विमान सरळ उडते आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. जमाखर्चाशी परिचय असलेल्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. न जुळलेली रक्कम उचंत खात्यात टाकली की तेरीज जुळते, पण व्यवहार जुळत नाही. मिश्रणाचा आकडा एका वेगासाठी आणि एका शक्तीसाठी बरोबर असतो. वेग बदलला की झाकलेली चूक दुसऱ्या आकृतीत डोके वर काढते. तेव्हा ती शोधणे दुप्पट अवघड झालेले असते, कारण मूळ दोष आणि त्यावरचे झाकण यांची गुंतागुंत झालेली असते.

म्हणून जुना नियम असा की लाकूड, काडी, वजन आणि रोख यांनी जे साधते ते त्यांनीच साधावे; त्यानंतर जे थोडे उरते तेवढेच संगणकाकडे द्यावे. दुसरा नियम, एका उड्डाणामागे एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि विमान सुधारले, तर कोणत्या बदलाने सुधारले हे कळत नाही. बिघडले तरी तेच. तिसरा नियम, प्रत्येक बदल वहीत उतरवावा: तारीख, वारा, काय बदलले, किती बदलले, परिणाम काय झाला.

घर, दुकान आणि बॅटरी

या छंदात मुलाच्या हातात दोन धोकादायक वस्तू येतात, आणि त्यांबाबत घरातील मोठ्यांनी स्वतः लक्ष घालणे आवश्यक आहे. पहिली वस्तू प्रॉपेलर. तेलाचे लहान इंजिन बोट अडकले तर कधी कधी बंद तरी पडते. विजेची मोटार अडथळा आला की उलट अधिक प्रवाह खेचते आणि फिरतच राहू पाहते. बॅटरी जोडली त्या क्षणापासून मोटार चालू आहे असेच समजावे. बॅटरी उड्डाणस्थळीच जोडावी, ट्रान्समीटर आधी चालू आणि सर्वांत शेवटी बंद करावा, शक्ती तोडणारे बटण नेमून ठेवावे आणि लहान भावंडांना प्रॉपेलरच्या समोर किंवा त्याच्या पातळीत कधीही उभे राहू देऊ नये. संपर्क तुटल्यास मोटार आपोआप थांबेल अशी ‘फेलसेफ’ची नोंद केलेली आहे ना, हे प्रॉपेलर काढून, ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून तपासावे.

दुसरी वस्तू लिथियम पॉलिमर बॅटरी. तिचा प्रत्येक कोश ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, आणि ३ व्होल्टखाली गेला की कायमचा बिघडतो. काही दिवस वापर नसेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी; पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी फुगते. भरतानाचा प्रवाह क्षमतेएवढाच असावा, म्हणजे २२०० मिलिअँपिअर-तासांसाठी २.२ अँपिअर. चार्जर प्रत्येक कोश स्वतंत्रपणे समतोल करणारा हवा. अशी बॅटरी पेटली तर ज्वाला क्षणात उठते आणि दाट, घातक धूर होतो. त्यामुळे दुकानाच्या पोटमाळ्यावर, गोदामात कापडाच्या गठ्ठ्यांपाशी किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यांशेजारी ती भरायला लावणे म्हणजे साऱ्या मालाला जोखमीत घालणे होय. फरशीवर, मोकळ्या जागी, जळणारे काही जवळ नसताना, डोळ्यांदेखत ती भरावी. रात्री लावून झोपू नये. उन्हाळ्यात बंद मोटारगाडीत ठेवू नये. आपटलेल्या विमानातील बॅटरी धड दिसली तरी काही काळ घराबाहेर वेगळी ठेवावी, आणि फुगलेली बॅटरी ‘आणखी एकदाच’ वापरण्याचा विचार मनात आणू नये.

उड्डाणाची जागा निवडतानाही जबाबदारी आहे. आपल्या देशात ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत. मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचीही त्यांत व्याख्या आहे. ‘डिजिटल स्काय’ या शासकीय नकाशावर हिरवी, पिवळी आणि लाल क्षेत्रे दाखवलेली असतात. माळ कितीही ओसाड दिसला तरी तो कोणत्या रंगात येतो हे आधी पाहावे. वस्ती, रस्ता, विजेच्या तारा आणि चरणारी जनावरे यांपासून दूर राहावे. आकाशात घारी घिरट्या घालू लागल्या तर विमान उतरवून त्या जाईपर्यंत थांबावे.

हिशेब कोणाचा

एवढा खटाटोप पाहून कोणी विचारील, खेळण्यासाठी इतके कष्ट कशाला? त्याचे उत्तर माळ्यावर पडलेल्या विमानात आहे. ते विमान तेथे गेले तेव्हा त्याच्यासोबत एका मुलाचा स्वतःवरचा विश्वासही गेला, आणि तो कोणत्या पुराव्यावर गेला हे कोणी पाहिले नाही. जुळवलेले विमान पुरावा देते. ते सरळ सोडले असता सरळ जाते, म्हणून वर्तुळ वेडेवाकडे झाले तर मुलाला ठामपणे कळते की येथे हात चुकला. आणि कळलेली चूक सरावाने सुधारता येते. दोन-तीन महिन्यांत तोच हात बसतो.

घरातील ज्येष्ठांना विमान उडवता येत नसले तरी वही वाचता येते. विमान आपटून मुलगा घरी आला, तर खर्चाचा आकडा विचारण्यापूर्वी ती वही मागावी आणि तीन प्रश्न विचारावेत: शेवटचा बदल कोणता केला होता? त्या उड्डाणात एकच बदल होता की अनेक? बॅटरी रेघेवर होती का? या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिलेली असतील, तर मोडलेला पंख चिकटवून मुलाला पुढच्या रविवारी पुन्हा माळावर जाऊ द्यावे. लिहिलेली नसतील, तर त्या रविवारी विमान घरीच ठेवून मेजावर बसावे आणि पहिल्या पानापासून आरंभ करावा.